सारखी वाटणारी दोन इंग्रजी नामं: फरक शोधण्याची नेमकी पद्धत

दोन इंग्रजी नामांत फरक काय, असा प्रश्न पडला की बहुतेक जण एकच वाट धरतात. इंग्रजी-मराठी कोश उघडायचा, दोन्ही शब्द बघायचे आणि दोन्हींसमोर तोच मराठी शब्द दिसला की 'अर्थ एकच' म्हणून मोकळं व्हायचं. 'शेड' म्हणजे सावली, 'शॅडो' म्हणजेही सावली. मग दमून झाडाखाली टेकलेल्या माणसांबद्दल 'वी सॅट इन द शॅडो' असं वाक्य लिहिलं जातं. त्यात व्याकरणाची चूक दाखवता येत नाही, तरी इंग्रजीत मुरलेल्या वाचकाला ते खटकतंच.

इथे कोश चुकलेला नसतो, क्रम चुकलेला असतो. व्याख्या सर्वांत आधी वाचली जाते आणि वाक्यं पाहायची राहूनच जातात. नामाचा अर्थ व्याख्येत जेवढा असतो त्याहून जास्त त्याच्या शेजारच्या शब्दांत असतो. म्हणून खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. पद्धत समजायला सोपी जावी म्हणून 'शेड' आणि 'शॅडो' हीच जोडी शेवटपर्यंत घेतली आहे. जिथे दुसरं उदाहरण जास्त बोलकं आहे तिथे ते घेतलं आहे.

तयारी

एक कोरा कागद घ्या आणि उभी रेघ मारून दोन रकाने करा, एका शब्दाला एक. खाली चार बोटं जागा सोडा, ती तिसऱ्या आणि पाचव्या पायरीत लागेल.

इंग्रजी-इंग्रजी कोश हवा, तोही शिकणाऱ्यांसाठी बनवलेला. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन या तिघांचेही असे कोश ऑनलाइन मोफत पाहता येतात. त्यांत नाम मोजता येणारं आहे की नाही याची खूण असते, आणि आपल्या कामाला ती फार लागते. लाँगमनच्या शिकणाऱ्यांच्या कोशातल्या व्याख्या सुमारे २,००० सोप्या शब्दांतच लिहिलेल्या असतात, त्यामुळे व्याख्या कळण्यासाठी पुन्हा कोश उघडावा लागत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे खऱ्या वाक्यांचा साठा. अशा साठ्याला कॉर्पस म्हणतात. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये सुमारे १० कोटी शब्द आहेत आणि विसाव्या शतकाच्या अखेरचं ब्रिटिश इंग्रजी आहे. कॉर्पस ऑफ कंटेम्पररी अमेरिकन इंग्लिशमध्ये १०० कोटींहून जास्त शब्द आहेत. हे जमणार नसेल तर चांगल्या इंग्रजी वृत्तपत्राच्या संकेतस्थळावरचा शोधही चालेल.

इंग्रजी-मराठी कोश सध्या बाजूला ठेवा. त्याची पाळी शेवटी येते.

पायरी १: अडलेलं वाक्य लिहून ठेवा

प्रश्न हवेत पडत नाही. कुठलं तरी वाक्य लिहिताना, वाचताना किंवा भाषांतर करताना तो पडतो. ते वाक्य जसंच्या तसं कागदाच्या माथ्यावर लिहा. भाषांतर करत असाल तर मूळ मराठी वाक्यही लिहा.

हे टाळलं तर शोध भरकटतो. 'शेड'ला रंगाची छटा, दिव्याचं आवरण, खिडकीचा पडदा असे आणखी अर्थ आहेत. तुमचं वाक्य उन्हातान्हाचं असेल तर यातलं काहीच तुम्हाला नको असतं.

तपासा: वाक्यातून ते नाम झाकलं तर तिथे काय हवं आहे हे साध्या मराठीत सांगता येतं का? येत नसेल तर अडचण इंग्रजीची नाही. मूळ मुद्दाच अजून स्पष्ट झालेला नाही, आधी तो करा.

पायरी २: जोडीची जात ओळखा

सगळ्या जोड्यांना एकच औषध लागू पडत नाही. चार जाती ठळक आहेत.

पहिली, नुसत्या दिसण्या-ऐकण्यातल्या साम्याची. 'मॉरल' म्हणजे बोध आणि 'मोराल' म्हणजे मनोधैर्य. 'कॉम्प्लिमेंट' या उच्चाराचे इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत: मधे 'आय' असेल तर कौतुक, 'ई' असेल तर पूरक गोष्ट. अशा जोडीत अर्थाचा गुंता नसतोच. स्पेलिंग पाठ करा आणि थांबा, पुढच्या पायऱ्यांची गरज नाही.

दुसरी, प्रदेशाची किंवा बोलण्याच्या बाजाची. 'लिफ्ट' आणि 'एलेव्हेटर', 'ऑटम' आणि 'फॉल', 'चाइल्ड' आणि 'किड'. वस्तू तीच, बोलणारा किंवा प्रसंग वेगळा. इथे अर्थातला फरक शोधत बसलात तर नसलेला फरक सापडल्यासारखा वाटेल. वाचक कोण आहे ते ठरवा, एक शब्द निवडा आणि पूर्ण मजकुरात तोच ठेवा.

तिसरी, शास्त्रीय जोडी: 'मास' आणि 'वेट', 'ॲक्युरसी' आणि 'प्रिसिजन'. यांचा फरक व्याख्येने बांधलेला असतो. अशी जोडी असेल तर थेट सातव्या पायरीवर जा.

चौथी जात आपल्या खऱ्या डोकेदुखीची. दोन्ही शब्द रोजच्या वापरातले, अर्थाचा बराच भाग सामाईक आणि मराठीत एकाच शब्दावर येऊन बसणारे. 'शेड' आणि 'शॅडो', 'वर्क' आणि 'जॉब', 'एरर' आणि 'मिस्टेक'. पुढच्या चार पायऱ्या मुख्यतः यांच्यासाठी आहेत.

पायरी ३: वाक्यं गोळा करा

प्रत्येक शब्दाची निदान वीस वाक्यं घ्या. पाच-सात वाक्यांवरून काढलेला निष्कर्ष आठव्या वाक्यात मोडतो.

वाक्यं स्वतः रचू नका. आपण रचलेलं वाक्य आपल्याच समजुतीतून आलेलं असतं, मग ते त्या समजुतीची परीक्षा कशी घेणार? सोशल मीडियावरच्या 'दोन शब्दांतला फरक' छापाच्या चित्रांतली वाक्यंही घेऊ नका. ती नियम आधी ठरवून मग बसवलेली असतात.

गोळा करताना तीन प्रकारची वाक्यं वेगळी काढा. शब्द क्रियापद म्हणून आलेली वाक्यं, म्हणजे कुणाच्या मागे सावलीसारखं राहणं या अर्थाचं 'शॅडो', थेट बाद. 'शेड'चा छटा हा अर्थ असलेली वाक्यंही बाद, कारण अडलेल्या वाक्याशी त्यांचं नातं नाही. ठरीव वाक्प्रयोग मात्र फेकू नका, खाली सोडलेल्या जागेत टिपून ठेवा. 'बियाँड अ शॅडो ऑफ अ डाउट' म्हणजे तिळमात्र शंका न उरता, आणि 'थ्रो शेड' म्हणजे हल्लीच्या बोलीत कुणाला टोमणा मारून कमी लेखणं. अशा प्रयोगांत शब्द गोठलेला असतो, त्यावरून सर्वसाधारण वापर ठरवता येत नाही.

सावधान: सर्च इंजिनमध्ये दोन्ही प्रयोग टाकून कुणाचे निकाल जास्त आले ते बघणं म्हणजे अर्थ शोधणं नव्हे. गुगलच्या एनग्रॅम आलेखालाही हेच लागू आहे. छापील पुस्तकांत कुठला प्रयोग कधी वाढला आणि कधी घटला एवढंच तो सांगतो. कमी वेळा येणारा शब्दच तुमच्या वाक्यात बरोबर असू शकतो.

पायरी ४: मोजता येतं का ते बघा

मराठी माणसाच्या चुका सगळ्यांत जास्त इथेच होतात, म्हणून इथे वेळ द्या. मराठीत नामाआधी 'अ' किंवा 'द' लावायचं नसतं, त्यामुळे इंग्रजी नाम एकेक करून मोजता येतं की पाण्यासारखं अखंड असतं, याकडे आपलं लक्षच जात नाही. इंग्रजीत मात्र अर्थातला फरक पुष्कळदा याच ठिकाणी उघडा पडतो.

गोळा केलेल्या प्रत्येक वाक्यात नामाच्या आधीचा शब्द आणि नामाचा शेवट बघा. आधी 'अ' किंवा 'अॅन' आहे? शेवटी अनेकवचनाचा 'एस' आहे? आधी 'मच' आहे की 'मेनी'?

आपल्या जोडीत चित्र लगेच दिसतं. 'शेड' या अर्थी जवळजवळ नेहमी अखंड येतो: 'सम शेड', 'मोअर शेड', 'इन द शेड'. 'शॅडो' बहुतेक वेळा मोजता येतो: 'अ शॅडो', 'लाँग शॅडोज', 'हिज शॅडो'. 'शेड' ही जागा किंवा स्थिती आहे आणि 'शॅडो' ही कडा असलेली एक आकृती आहे, असा अंदाज यावरूनच बांधता येतो. 'शॅडो'च्या रकान्यात 'हर फेस वॉज इन शॅडो' असंही एखादं वाक्य सापडेल. तिथे ना 'अ' ना 'द', आणि अर्थ नुसता काळोख. ते खोडू नका. अपवाद म्हणून खूण करा, नियम लिहिताना ते लागेल.

'वर्क' आणि 'जॉब' या जोडीत तर अर्धं उत्तर हीच पायरी देते. 'आय गॉट अ जॉब' बरोबर, 'आय गॉट अ वर्क' चूक. 'जॉब' म्हणजे एक नोकरी किंवा एक नेमून दिलेलं काम, म्हणून मोजता येतो. 'वर्क' म्हणजे कष्ट, कामाचा व्याप, म्हणून अखंड.

सावधान: मोजता येण्याची खूण बदलली की तोच शब्द अर्थही बदलू शकतो. 'वर्क'ला 'अ' लावलात तर तो 'अ वर्क ऑफ आर्ट'मधली कलाकृती होतो. 'एक्सपीरियन्स' अखंड असेल तर वर्षानुवर्षं साठलेला अनुभव, आणि 'अॅन एक्सपीरियन्स' म्हणजे एखादा प्रसंग. नोकरीच्या अर्जात 'आय हॅव फाइव्ह एक्सपीरियन्सेस' लिहिणाऱ्याला पाच वर्षांचा अनुभव सांगायचा असतो, वाचणाऱ्याला मात्र पाच किस्से ऐकू येतात.

पायरी ५: सोबती शब्दांची यादी करा

आता प्रत्येक वाक्यात नामाच्या आगेमागे कोण आहे ते टिपा. तीन गोष्टी पुरतात: आधीचं क्रियापद, चिकटलेलं विशेषण आणि जवळचं शब्दयोगी अव्यय. कॉर्पसमध्ये शोधलेला शब्द मधोमध ठेवून ओळी एकाखाली एक मांडण्याची सोय असते. डावीकडच्या शब्दानुसार ओळी लावल्या की सोबती आपोआप एकत्र येतात.

'शेड'भोवती बसणं, शोधणं, पुरवणं या अर्थाची क्रियापदं दिसतील आणि उन्हाचा, उकाड्याचा, झाडांचा संदर्भ. तापमानही 'इन द शेड' सांगितलं जातं. 'शॅडो'भोवती पडणं, लांबणं, सरकणं दिसेल, आणि कुणाची तरी मालकी: 'हिज शॅडो', 'द अर्थ्स शॅडो'. 'शेड' माणसाला काहीतरी देते, 'शॅडो' कुणाची तरी असते. ही नोंद कागदावर ठळक करा.

ठरीव प्रयोगांची यादीही आता वाचा. 'इन समवन्स शॅडो' म्हणजे कुणाच्या मोठेपणाखाली झाकलं जाणं, तर 'पुट समवन इन द शेड' म्हणजे कुणाला फिकं पाडणं. दोन्हींची भावना जवळची असली तरी प्रत्येकात नाम ठरलेलं आहे. असे प्रयोग अख्खेच पाठ करायचे असतात.

तपासा: एखादा सोबती फक्त एकाच रकान्यात येतो, असं किमान तीन शब्दांबाबत म्हणता येतं का? येत नसेल तर वाक्यं कमी पडली आहेत. तिसऱ्या पायरीवर परत जा.

पायरी ६: अदलाबदल करा

प्रत्येक रकान्यातली पाच-सहा वाक्यं घ्या आणि नाम बदलून वाचा. तीनपैकी एक गोष्ट घडेल.

वाक्य मोडेल. 'ही इज अफ्रेड ऑफ हिज ओन शॅडो' यात 'शेड' घातलं की काही उरत नाही. किंवा वाक्य तसंच राहील, म्हणजे तिथे दोन्ही चालतात. किंवा वाक्य शाबूत राहून अर्थ सरकेल.

ही तिसरी वाक्यं शोधा, खरा फरक तीच सांगतात. 'इन द शेड ऑफ द ट्री' आणि 'इन द शॅडो ऑफ द ट्री' ही दोन्ही बरोबर आहेत. पहिल्यात उन्हापासूनचा निवारा आहे, गारवा आहे. दुसऱ्यात झाडाची जमिनीवर पडलेली काळी आकृती आहे आणि कुणी तरी त्या आकृतीच्या आत आहे. तिथे लपलेला चोरही असू शकतो. त्याला गारवा नको असतो, अंधार हवा असतो. विश्रांतीचा प्रसंग असेल तर पहिलं वाक्य, दबा धरण्याचा असेल तर दुसरं.

'एरर' आणि 'मिस्टेक' यांची अदलाबदलही करून बघा. संगणक 'एरर मेसेज' दाखवतो, तिथे 'मिस्टेक' बसत नाही. 'आय टुक युअर बॅग बाय मिस्टेक' यात 'बाय एरर' कानाला लागतं. 'मिस्टेक' बहुधा कुणाच्या तरी हातून होते. 'एरर'ला करणारा असलाच पाहिजे असं नाही, यंत्रात, हिशेबात, मोजमापात ती नुसती असूही शकते.

सावधान: वाक्य मोडलं की सरकलं हे एकट्याच्या कानावर ठरवू नका. शंका असेल तर बदललेले तीन-चार शब्द अवतरणचिन्हांत घालून कॉर्पसमध्ये शोधा. वेगवेगळ्या लेखकांकडे तो प्रयोग सापडला तर मोडलं म्हणू नका.

पायरी ७: आता कोश, आणि गरज असेल तर विषयाची व्याख्या

कोशातल्या दोन्ही व्याख्या शेजारी ठेवून वाचा आणि एकीत असलेला पण दुसरीत नसलेला शब्द अधोरेखित करा. 'शॅडो'च्या व्याख्येत आकार या अर्थाचा शब्द भेटेल, 'शेड'च्या व्याख्येत ऊन पोचत नाही अशी जागा. चौथ्या पायरीतल्या अंदाजाला इथे दुजोरा मिळतो. शिकणाऱ्यांच्या कोशांत काही जोड्यांसाठी वेगळी चौकट दिलेली असते, ती चुकवू नका. व्युत्पत्तीच्या मागे मात्र लागू नका. 'शेड' आणि 'शॅडो' दोन्ही एकाच जुन्या इंग्रजी शब्दातून आले आहेत, त्यामुळे मुळाकडे जाऊन आजचा फरक हाती लागत नाही.

दुसऱ्या पायरीत जोडी शास्त्रीय ठरली असेल तर अदलाबदलीची चाचणी फसवी ठरते, कारण सामान्य लेखनात हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. 'मास' किलोग्रॅममध्ये मोजतात. 'वेट' हे बल आहे, ते न्यूटनमध्ये. चंद्रावर माणसाचं 'वेट' पृथ्वीवरच्या सुमारे एक षष्ठांश होतं, 'मास' तेवढंच राहतं. दर वेळी नेमके २०० ग्रॅम जास्त दाखवणाऱ्या काट्यात 'प्रिसिजन' (दर वेळी तेच माप येणं) आहे, 'ॲक्युरसी' (खऱ्या मापाशी जुळणं) नाही. रोगाच्या आकडेवारीत 'इन्सिडन्स' म्हणजे ठरावीक काळात नव्याने झालेले रुग्ण आणि 'प्रिव्हॅलन्स' म्हणजे एखाद्या वेळी असलेले नवे-जुने सगळे रुग्ण. बातमीत या दोघांची गल्लत झाली तर साथ वाढते आहे की ओसरते आहे याचंच उत्तर उलटं जाऊ शकतं.

काही शब्द दोन्हीकडे नांदतात. 'एरर' आणि 'मिस्टेक' रोजच्या भाषेत वर सांगितल्याप्रमाणे वागतात, पण भाषाशिक्षणात भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये त्यांना वेगळे अर्थ दिले. शिकणाऱ्याला नियमच माहीत नसल्यामुळे पुन्हा पुन्हा होते ती 'एरर', आणि नियम माहीत असून घाईत किंवा थकव्याने होते ती 'मिस्टेक'. म्हणून अडलेलं वाक्य कुठल्या विषयातलं आहे ते पुन्हा एकदा बघा.

पायरी ८: नियम लिहा आणि मोडायचा प्रयत्न करा

एका वाक्यात नियम लिहा, दुसऱ्यात त्याची हद्द. आपल्या जोडीसाठी असं: ऊन न पोचणारी जागा किंवा तिथला गारवा सांगायचा असेल तर 'शेड', आणि एखाद्या वस्तूने प्रकाश अडवल्यामुळे पडलेली आकृती सांगायची असेल तर 'शॅडो'. हद्द: 'इन शॅडो' म्हणजे नुसता काळोख, शिवाय ठरीव प्रयोग वेगळे.

मग नियम काढताना न वापरलेली नवी वाक्यं घ्या. ग्रहणात चंद्रावर पृथ्वीची सावली पडते, तिला कडा आहे, म्हणून 'शॅडो'. बसतं. एक्स-रेमध्ये फुप्फुसावर दिसणारा डाग 'अ शॅडो ऑन द लंग' असतो, म्हणजे पुन्हा आकृतीच. बसतं. दिव्याचा उजेड थेट डोळ्यांवर येऊ न देणारं आवरण 'लॅम्पशेड', निवाऱ्याशी नातं आहे. बसतं. डोळ्यांच्या पापण्यांना लावायच्या रंगाला 'आयशॅडो' म्हणतात, तो मात्र नियमात बसत नाही. जोडशब्दांना नियम लावायचा नाही, असं हद्दीत लिहून टाका.

दहापैकी दोन-तीन वाक्यं बसली नाहीत तर नियम दुरुस्त करा. निम्मी बसली नाहीत तर तो टाकून पाचव्या पायरीपासून पुन्हा सुरू करा. 'शेड'ला 'शीतलता' आणि 'शॅडो'ला 'अशुभ' असे ठसे मारून दिलेले नियम दिसतात. ते दोन-चार वाक्यांवर उभे असतात आणि भिंतीवरच्या साध्या सावलीपाशीच कोसळतात.

पायरी ९: मराठीशी सांधा जोडा

इंग्रजी-मराठी कोश आता काढा. मराठीत नाम एकच असलं तरी आपणही हा भेद करतो, फक्त क्रियापदाने. सावलीत बसतो, सावलीला उभे राहतो, तिथे 'शेड'. सावली पडते, लांबते, पाठ सोडत नाही, तिथे 'शॅडो'. मराठी वाक्यातलं क्रियापद बघायची सवय लागली की पुढच्या वेळी शब्द निवडायला क्षणभरही लागत नाही. 'काम मिळालं' असेल तर 'जॉब', 'खूप काम आहे' असेल तर 'वर्क', हेही याच रीतीने सुटतं. प्रत्येक जोडीत असा सांधा सापडेलच असं नाही. नाही सापडला तर ओढूनताणून बसवू नका, आठव्या पायरीतला नियम पुरेसा आहे.

मग कागदाच्या माथ्यावरच्या वाक्याकडे या. शब्द घाला आणि त्याच्या आधीचं 'अ', 'द' आणि क्रियापदही त्या शब्दाला शोभेल असं बदला. नाम बदलून बाकीचं वाक्य जुनंच ठेवलं की 'वी सॅट इन अ शेड' तयार होतं, म्हणजे नाम बरोबर आणि वाक्य तरीही चूक. 'वी सॅट इन द शेड' लिहा. दोन्ही नामं घालून पाहिल्यावरही वाक्य अडखळत असेल तर तिसरा शब्द शोधा किंवा ते वाक्य क्रियापदाभोवती नव्याने रचा.